नव्वद दिवसांची नजर

मु. पो. ईट, ता. भूम
दि. १८ ऑगस्ट १९८५

चि. तारास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दादाचं अक्षर असं प्यायल्यासारखं का झालं, असं विचारलंस. प्यालेलो नाही. डाव्या हाताच्या बोटानं डावी पापणी वर धरायची आणि उजव्या हातानं लिहायचं, असं सध्या चाललंय. मग कागद धरायला तिसरा हात उरत नाही, म्हणून आईनं तिचा पानाचा डबा कागदावर ठेवलाय. उजवा डोळा मिटलेलाच आहे. या पत्रात काय चाललंय ते त्याला ठाऊक नाही.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून हे सुरू झालं. आधी नुसती पापणी फडफडायची. उजवी फडफडली की पुरुषाचं चांगलं होतं आणि डावी फडफडली की बाईचं, असं म्हणून तुझी वहिनी हसायची. माझ्या तर दोन्ही फडफडत होत्या. म्हणजे घरात सगळ्यांचंच भलं व्हायचं होतं. मग ऊन लागलं, वारा लागला, समोरून ट्रकचा उजेड आला की डोळे घट्ट मिटायला लागले. दुखत नाही, लाल होत नाही. बोटानं पापणी उचलली की लांबचा मैलाचा दगडसुद्धा वाचता येतो. डोळा शाबूत आहे, दार तेवढं कुणीतरी आतून लावून घेतंय. भूमच्या डॉक्टरांनी तीन तऱ्हेचे थेंब दिले, काळा चष्मा दिला. थेंब गालावरून ओघळून जातात आणि काळ्या चष्म्याला पोरं हसतात.

जूनमध्ये बार्शीहून येताना भर दुपारी डोळे मिटले ते उघडेनात. रस्ता मोकळा होता, म्हणून गाडी कडेला घेता आली. त्याच दिवशी डेपोत जाऊन मी स्वतःच सांगितलं की मला गाडीवर ठेवू नका. साहेबांनी हलकं काम दिलं. वस्तीतला पहिला एस.टी. ड्रायव्हर म्हणून अकरा वर्षांपूर्वी ज्या फाटकात मला हार घातले, त्याच फाटकात आता स्टुलावर बसून गाड्यांचे नंबर लिहून घेतो. नंबर दिसत नाहीत, पण इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखतो. आतापर्यंत एकदाच चुकलो.

गावाला निमित्त पुरतं. कुणी म्हणतं बलभीम पितो, कुणी म्हणतं कामचोर झाला. वरच्या आळीतल्या बायका आईला सांगून गेल्या की तुमच्या मालकानं छप्पन साली देव नदीत सोडले, त्याचा हा कोप. आई म्हणाली, कोप व्हायचा तर ज्यानं सोडले त्याच्यावर झाला असता, ते तर सत्तर वर्षं टकाटका बघत जगले. बायका परत आल्या नाहीत.

एक गंमत सांगतो. गाणं म्हटलं की पापण्या जरा हलक्या होतात. म्हणून मी फाटकात बसून दिवसभर गातो. त्यामुळे पिण्याची बातमी आणखी पक्की झाली.

तू डोळ्यांच्या वॉर्डात आहेस. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना विचार की याला काही नाव आहे का. मला आता भीती वाटायला लागली आहे, हे फक्त तुला सांगतो. आईचा आशीर्वाद, वहिनीचा नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा
बलभीम

*

नर्सेस क्वार्टर्स, मुंबई
दि. ९ सप्टेंबर १९८५

ती. दादांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

दादा, तुमच्या आजाराला नाव आहे. ब्लेफॅरोस्पॅझम. नाव सापडलं तेव्हा मला इतका आनंद झाला की वॉर्डातल्या सिस्टर विचारायला लागल्या, लग्न ठरलं का. नंतर खोलीवर आल्यावर रडले, कारण नुसत्या नावानं काय होतंय.

आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमना तुमचं पत्र वाचून दाखवलं. गाणं म्हटलं की पापणी हलकी होते, हे ऐकताच त्या म्हणाल्या की मग हेच आहे, असं बऱ्याच रोग्यांना होतं. हे ढोंग नाही, वेड नाही, कुणाचा कोप नाही. मेंदूकडून पापणीच्या स्नायूला मीट, मीट असा निरोप सारखा जात राहतो आणि तो स्नायू बिचारा हुकमाचा ताबेदार. थेंबांनी काही होत नाही. शिरा कापायचं ऑपरेशन आहे, पण त्यानं चेहरा लुळा पडतो, म्हणून मॅडम नको म्हणाल्या.

अमेरिकेत मात्र काही वर्षांपासून एका औषधाचा प्रयोग चाललाय. औषध म्हणजे खरं तर विष आहे. हवाबंद डब्यात अन्न नासलं की त्यात एक जंतू वाढतो, त्याचं विष. पोटात गेलं तर माणसाचे सगळे स्नायू ढिले पडतात आणि श्वास थांबतो. तेच विष अगदी कणाच्या कणाएवढं घेऊन पापणीच्या कडेला टोचतात. मग मेंदूचा निरोप त्या स्नायूपर्यंत पोचतच नाही आणि डोळा उघडा राहतो. बोटुलिनम असं त्याचं नाव. मॅडम नोव्हेंबरमध्ये तिकडे शिकायला जाणार आहेत, जमलं तर दोनचार कुप्या आणतील. मी मांजरीसारखी त्यांच्या पायात पायात फिरतेय.

विषाचं आईला सांगू नका, ती जेवण सोडेल. वहिनीला सांगा की एवढ्यात डोळ्यांत कुणाचंही काही घालू देऊ नका, मध नको, कांद्याचा रस नको. तुम्ही गात राहा. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे.

तुमची धाकटी
तारा

*

ईट
दि. १ ऑक्टोबर १९८५

चि. तारास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पापणी बोटानं धरून वाचणाऱ्या माणसाला पुढच्या ओळीत काय आहे ते आधी दिसत नाही. त्यामुळे ‘विषाचं आईला सांगू नका’ हे मी आईलाच मोठ्यानं वाचून दाखवलं. आई म्हणाली, पोराला इख द्यायला मुंबईला कशाला न्यायचं, हितं काय कमी हाय का. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या पापण्यांवरून हात फिरवत म्हणाली, जा बाबा, टोचून घे.

यंदाही पाऊस नाही. तुझी वहिनी द्वारका रोजगार हमीवर रस्त्याची खडी फोडायला जाते. सकाळी जाते ती दिवेलागणीला येते आणि मग प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला बसते. पाटीवर ‘द्वारका’ असं लिहून माझ्यापुढे धरते. मी बोटानं डोळा उघडून बघतो आणि बरोबर आहे म्हणतो. एकदा न बघताच बरोबर म्हणालो, तर ‘द्वा’ला काना द्यायचा राहिला होता. दोन दिवस बोलली नाही.

माझा कंडक्टर श्रीमंत दर आठवड्याला येऊन जातो. अकरापैकी सात वर्षं आमची जोडी. म्हणतो, नव्या ड्रायव्हरबरोबर करमत नाही, तो गाणं म्हणत नाही.

कुप्या आल्या की लगेच कळव. विष तर विष. इकडे रोजच्या रोज जे पोटात जातंय त्याला तरी काय म्हणायचं. मायेत कमी पडू नकोस.

तुझा दादा

*

ईट
दि. २८ जानेवारी १९८६

चि. तारास,
अनेक अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

हे पत्र दोन्ही डोळ्यांनी लिहितोय. अक्षर बघ. आईचा पानाचा डबा आईजवळ आहे.

तुझ्या खोलीवर पाचव्या दिवशी सकाळी काय झालं ते तू बघितलंस. मी चहा घेत होतो आणि समोरच्या चाळीतल्या दोऱ्यांवरचे कपडे मोजत होतो. सतराव्या कपड्यावर मला कळलं की मी बोट लावलेलं नाही. तू रडत होतीस आणि मी तुला सांगत होतो की अठरावं लुगडं निळं आहे. मॅडमना माझा जयभीम सांग. ती सुई किती बारीक होती, आणि तिच्यात काय भरलं होतं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

भूमला उतरलो. फाटकात आधी कुणी ओळखलंच नाही, कारण दीड वर्षात मला तोंड वाकडं करून बघतानाच सगळ्यांनी पाहिलं होतं. साहेबांनी मॅडमचा कागद बघितला. लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचून घेतली, उन्हात उभं करून बोटं मोजायला लावली. सगळं बरोबर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी दिली, भूम-बार्शी, तीच जुनी. श्रीमंतनं पेढे वाटले.

बाजारच्या दिवशी पानवाली शांताक्का चढली. तिला तू ओळखतेस, खाऊच्या पानांची टोपली घेऊन सदा माझ्या पाठीमागच्या बाकावर बसायची. तिनं माझ्या तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडली आणि श्रीमंतला म्हणाली की हा गाडीवर नव्हता तोवर या गाडीत बसताना जीव मुठीत होता, आज पहिल्यांदा झोप लागंल. खरंच बार्शीपर्यंत झोपली.

आई बरी आहे. वहिनी खुशीत आहे, तिला मी सांगितलं की डोळे बरे झाले. माया वाढती राहू दे, आता ती बघायला दोन्ही डोळे आहेत.

तुझा
दादा

*

मुंबई
दि. ६ फेब्रुवारी १९८६

ती. दादांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र मुद्दाम डेपोच्या पत्त्यावर पाठवते. घरी नेऊ नका, आईपुढे मोठ्यानं वाचू नका.

दादा, तुम्हाला गाडी दिली कशी? मॅडमनी दोन कागद दिले होते. पहिल्यावर दृष्टी चांगली आहे एवढंच होतं. दुसऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं की हा गुण सुमारे नव्वद दिवस टिकतो, कधी कमीही टिकतो, मग पापण्या पुन्हा मिटू लागतात, तरी या माणसाला वाहन चालवायला देऊ नये. मॅडमनी तेच तुम्हाला मराठीतून समजावून सांगितलं. मी शेजारी उभी होते. तुम्ही मान हलवलीत. तो दुसरा कागद साहेबांना दिलात ना? दिला असेल तर त्यांनी वाचला का?

विषाचा असर उतरला की निरोप पुन्हा पोचायला लागतो. बरे झालात असं कुणी म्हणालेलं नाही, मीसुद्धा नाही. अकरा जानेवारीला टोचलं. म्हणजे अकरा एप्रिल ही शेवटची तारीख आणि ती रेघ मारून ठरलेली नाही, आठपंधरा दिवस आधीही येऊ शकते. दादा, जूनमध्ये तुम्ही आपणहून साहेबांकडे गेला होतात. तेच पुन्हा करा. मला उलट टपाली कळवा, नाहीतर माझ्या हातून वॉर्डात इंजेक्शनं चुकतील.

तुमची
तारा

*

भूम
दि. २ मार्च १९८६

चि. तारास,
आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

उलट टपाली लिहायचं होतं, राहिलं. दुसरा कागद द्यायचाही राहिला. खिशात होता, धुण्यात गेला.

तू उगीच जिवाला लावून घेतेस. मला कळेल. पापणी एकदम मिटत नाही, आधी फडफडते, आठआठ दिवस फडफडते. पहिल्या फडफडीला मी साहेबांच्या पुढे उभा राहीन. तुझी शपथ घेतो, मग झालं?

तुला सांगू का, फाटकात बसून आवाजावरून गाड्या ओळखणाऱ्या माणसाला परत स्टिअरिंग मिळालं म्हणजे काय होतं ते तुम्हा दवाखान्यातल्या लोकांना कळायचं नाही. सकाळी साडेपाचला निघतो. उजाडताना दोन्ही बाजूंची काळी रानं दिसतात, पीक नाही तरी दिसतात. परवा तेरखेड्याचा एक फटाकेवाला गाडीत होता. जयंतीचे बाण आणि सुतळी बॉम्ब ठरवायला वस्तीतली पोरं त्याच्याशी घासाघीस करत होती. चौदा एप्रिलला आसपासच्या वस्त्यांतून माणसं भूमला न्यायला जादा गाडी सोडणार आहेत आणि ती मी चालवावी असं वस्तीनं साहेबांना लिहून दिलंय. साहेब हो म्हणाले. आपला बाप मिरवणुकीला चालत जायचा, पाच कोस. आई त्या गाडीत पहिल्या बाकावर बसणार आहे.

पंधरा एप्रिलला सकाळी मी स्वतः जाऊन सांगतो. तोवर गप्प राहा, एवढं दादाचं ऐक.

बलभीम

*

मुंबई
दि. १८ मार्च १९८६

ती. दादांस,
जयभीम. वि. वि.

चौदा एप्रिल हा त्र्याण्णवावा दिवस आहे.

मॅडमच्या दोन रोग्यांना बहात्तराव्या दिवशीच सुरू झालं. फडफड झाली नाही. एकाचे डोळे जिना उतरताना मिटले. तुमच्या आधी त्यांना टोचलं होतं, म्हणून आत्ता कळलं. मॅडम म्हणतात, पुढच्या कुप्या एप्रिलअखेर मागवल्या आहेत, तेव्हा तुम्हाला पुन्हा टोचू. पण गाडी नाही म्हणजे नाही.

मी डेपोच्या साहेबांना लिहू शकते. आज लिहिलंही आहे, पाकीट बंद करून माझ्या खणात ठेवलंय. मला ते टाकायला लावू नका. मी धाकटी, तुम्हाला हुकूम कसा करणार? तुमच्याच पगारावर नर्सिंगला आले. हात जोडते, आई त्या गाडीत पहिल्या बाकावर बसणार आहे.

तारा

*

ईट
दि. ९ एप्रिल १९८६

चि. तारास,
आशीर्वाद. वि. वि.

डाव्या बोटानं पापणी धरून लिहितोय. यावरून काय ते समज.

रविवारी घडलं, सहा तारखेला. बार्शीहून परत येत होतो, गाडीत चौपन्न माणसं. शांताक्का पाठीमागे. उतार लागला आणि वळणाच्या आधी दोन्ही डोळे मिटले. फडफड नाही, काही नाही. समोरून बैलगाडी येताना दिसली होती, ती मिटताना शेवटची दिसली. ब्रेक दाबला तर मागून खडीचा ट्रक येत होता, तो अंगावर आला असता. मी डाव्या हातानं पापणी उचलली आणि एका हातानं वळण घेतलं. बैलगाडीच्या चाकाला गाडीचा कोपरा घासला. बैल बुजले, गाडीवान खाली पडला, त्याचा खांदा निसटला. मेलं कुणी नाही. पुढे अर्धा मैल थांबायला जागा नव्हती. तो अर्धा मैल मी बोटानं एक डोळा उघडा धरून आणि मोठमोठ्यानं गात काढला. श्रीमंत मागे तिकिटं फाडत होता, घासलेलं त्याला कळलं नाही. त्याला वाटलं, आज दादा फार खुशीत आहेत.

गाडी थांबवली, खाली उतरलो आणि रस्त्यावरच बसलो. माणसं भोवती जमली. मी सगळं सांगितलं, विष, सुई, नव्वद दिवस. कुणी शिवी दिली नाही, दिली असती तर बरं झालं असतं. शांताक्का टोपली घेऊन पुढे आली आणि तिनं एवढंच विचारलं.

“बाबा, तुला हे ठावं व्हतं का?”

मी म्हणालो, “व्हय, ठावं व्हतं.”

तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि चालत भूमला निघाली, नऊ मैल. तिच्या मागून सगळेच निघाले. दुसरी गाडी येते म्हणून श्रीमंत विनवत होता, पण एस.टी.त बसायला कुणी तयार होईना.

दुसरा कागद धुण्यात गेला नव्हता. मॅडमनी दिला त्याच रात्री मुंबईच्या स्टँडवर मी फाडला. पंधरा तारखेला सांगेन म्हणालो होतो, तेही सांगितलं नसतं. मला माझं माहीत आहे. जयंती झाली की म्हटलं असतं, एक लग्नसराई काढू.

मला निलंबित केलंय, चौकशी बसली आहे. साहेब चांगले आहेत, पण त्यांना मी तोंड दाखवत नाही, आणि दाखवलं तरी मला त्यांचं दिसत नाही. गाडीवानाला दवाखान्यात भेटून आलो. तो माझी समजूत घालत होता.

एप्रिलअखेर कुप्या येणार होत्या. गाडीसाठी मागत नाही. नुसतं घरात इकडून तिकडं जाण्यापुरतं मागतो. कळव. लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

दादा

*

मुंबई
दि. १२ मे १९८६

ती. दादांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

चार वेळा लिहून फाडलं. आता सरळच लिहिते. कुप्या येणार नाहीत.

इथल्या कुणाची चूक नाही. तिकडे अमेरिकेतच औषध थांबलंय. ते बनवणाऱ्या डॉक्टरांना विमा मिळेना. विषाचं औषध, उद्या एखादा रोगी कोर्टात गेला तर भरपाई कोण देणार, म्हणून विमेवाल्यांनी हात झटकले आणि विम्याशिवाय एक कुपीसुद्धा बाहेर द्यायची सोय नाही. मॅडमना पत्र आलं ते त्यांनी मला वाचून दाखवलं. तिकडचेही शेकडो रोगी पुन्हा डोळे मिटून घरात बसलेत. मी मॅडमना विचारलं, कधी सुरू होईल. त्यांनी खांदे उडवले नाहीत, तसं केलं असतं तर मी चिडले असते. त्या म्हणाल्या, तारा, मला माहीत नाही.

हेच विष कुठल्या तरी नासक्या डब्यात फुकट तयार होत असेल आणि तुमच्या पापणीपुरता कण मला आणता येत नाही. काल वॉर्डात मी एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली. त्याला दिसायला लागलं, त्यानं माझे पाय धरले. मी त्याच्यावर खेकसले. मग त्याची माफी मागितली.

आणखी एक सांगायचं आहे. साहेबांना लिहिलेलं ते पाकीट अजून माझ्या खणात आहे. मी टाकलं असतं तर तो गाडीवान पडला नसता. तुमची गाडी आपल्या हातानं काढून घ्यायला माझं मन धजलं नाही आणि गाडीतली चौपन्न माणसं मी मनातसुद्धा आणली नाहीत. शांताक्कानं तुम्हाला विचारलं ते मलाही विचारायला हवं होतं. मला तर तारखांसकट ठाऊक होतं.

वहिनीला आता तरी सगळं सांगा. मी जुलैत रजा घेऊन येते. येऊन काय करणार, ते विचारू नका.

तुमची
तारा

*

ईट
दि. २० जून १९८६

ताराबाईंस,
द्वारकाचा जयभीम. विनंती विशेष.

हे पत्र म्या माझ्या हातानं लिव्हतेय. पयलंच हाय. चुकलं माकलं तर हसू नका. चार दिस लागले लिवायला.

आई बऱ्या हायेत. जयंतीला त्या चालत गेल्या, जादा गाडीत बसल्या न्हायत. चौकशीचा कागद आला, नोकरी गेली. तुमचे दादा वसरीला बसून असतेत. आता गात न्हायत. म्या म्हणलं गावा की, तेवढं तरी उघडतंय. म्हणले, कशाला.

औषध येणार न्हाय हे त्यांनी मला सांगितलं. नव्वद दिसाचं पण तवाच सांगितलं. तुमची समदी पत्रं मला द्या म्हणलं, आता मला वाचाया येतंय. वाचली. डेपोच्या पत्त्यावर आलेली पण वाचली.

वन्सं, तुमच्यावर माझा राग हाय. लपवत न्हाय. तुमी दोघं भाऊबहीण शिकलेले. तुमचं तुमचं पत्रात चाललं. कागद कुठला द्यायचा, गाडी कवा सोडायची, तारीख कुठली. मला येवढंच सांगितलं की डोळे बरे झाले. म्या खरं धरलं. मला कुणी नव्वद म्हणलं असतं तर म्या त्यांना गाडीवर जाऊ दिलं नसतं. भांडले असते. आठ दिस तरी घरी बसा म्हणले असते, म्या पण कामावर खाडा केला असता.

म्हंजी बघा, दीड वर्स त्यांनी मला बोटानं पापणी धरून बघितलं. तसं बघितलेलं माणसाला बघितल्यावानी वाटत न्हाय, तपासल्यावानी वाटतंय. मंग डोळे उघडले. तवा ते पाटं साडेपाचला गाडीवर, म्या उजाडताना खडीवर. ते घरी येयाचे तवा दिवा लावलेला असायचा. सुटीच्या दिवशी पण ते डेपोत जाऊन गाडी धुयाचे. उजेडात आमी एकमेकाच्या समोर कवा आलोच न्हाय. आता म्या मोजून बघितलं, एकदाच आलो.

फागुनात आमचं काम बार्शीच्या सडकंला व्हतं. म्या खडी फोडत व्हते. त्यांची गाडी आली. त्यांनी मला लांबनं वळखलं, गाडी हळू केली आन् हॉरन वाजवला. काचंतनं माझ्याकडंच बघत व्हते, हसत व्हते. समद्या बायका माझ्याकडं बघाय लागल्या. मला लाज वाटली. म्या पदर तोंडावर घेतला आन् मान खाली घातली. गाडी गेली. मनात म्हणलं, लाजायचं काय येवढं, उद्या बघू त्यांच्याकडं, आता रोजचंच हाय.

जुलैला या. तुमच्यावर राग हाय तरी या. माया न्हाय असं समजू नका.

तुमची वहिनी
द्वारका